बापू, तारखेला हजर राहा

चि. बापूस,
अनेक आशीर्वाद.

बुधवारी दुपारी कोर्टाचा बेलिफ घरी आला होता. मी दारातच तूर निवडत बसली होती. कागदावर तुझं नाव, बुटीबोरीच्या तुझ्या कंपनीचं नाव आणि थकलेल्या कर्जापायी पगार जप्त का करू नये याचं कारण दाखवा, असं वाचलं आणि सूप खाली ठेवलं. सही करून नोटीस घेतली. तेव्हापासून सहा वेळा फोन केला, तू उचलला नाहीस. मी रागावायला फोन करत नव्हती रे. म्हणून लिहून पाठवते.

तीस वर्षं मी ऑफिसात पगारपत्रकं केली, जप्तीचे आदेश माझ्याच टेबलावर यायचे. ज्यांच्या नावाने ते यायचे, त्यातले बहुतेक जण कोर्टात गेलेलेच नसायचे. लाजेनं जात नसत. मग समोरच्याच्या अर्जात जे लिहिलंय तेवढंच कोर्टापुढे राहायचं. तू असं करू नको.

पहिलं, तुझी भीती काढते. पूर्ण पगार कोणी नेत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ६० आहे. पगारातले पहिले १,००० रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश यांना हात लावता येत नाही. तुझे २८,००० धरले, तर १,००० वजा जाता २७,००० उरतात. त्याचा तिसरा हिस्सा ९,०००, तेवढीच कपात. १९,००० तुझ्या हातात येतील. (२००२ पर्यंत हजाराच्या जागी चारशे होते. हजार रुपयांत आज आपला किराणाही येत नाही, तरी कायद्यात अजून हजारच आहेत, याचं मला फार वाईट वाटतं.) पीएफला तर जप्ती लागतच नाही. आणखी एक, मजुराची मजुरी जप्त होत नाही असंही त्याच कलमात आहे, आणि मजूर म्हणजे कुशल, अर्धकुशल, अकुशल सगळे. तू मशीनवर काम करतोस. तुझं काम त्यात बसतं का, हे वकिलाला आधी विचार.

आमच्या ऑफिसातला एक शिपाई दोस्ताला जामीन राहिला होता. दोस्त पळाला, कपात ह्याच्या पगारातून सुरू झाली. मी दर महिन्याला त्याच्या नावासमोर पेन्सिलीनं एक बारीक रेघ ओढायची. चोविसावी रेघ झाली त्या दिवशी साहेबांपुढे टिपणी ठेवली, कारण एकाच हुकूमनाम्यासाठी, म्हणजे कोर्टाच्या निकालासाठी, २४ महिने कपात झाली की त्याच हुकूमनाम्यासाठी पगार पुन्हा जप्त होत नाही. शिपायाला हे ठाऊकच नव्हतं. पंचविसाव्या महिन्यात पूर्ण पगार हातात आला तर तो दोनदा मोजून परत माझ्याकडे आला, ताई चुकलं तर नाही ना म्हणून. पगारातून कपात थांबली तरी कर्ज उरतंच, हेही ध्यानात ठेव.

आता तुझ्या नोटिशीचं. हुकूमनामा एकतर्फी, म्हणजे तुझं न ऐकताच झालाय, आणि समन्स गेलं होतं मानेवाड्याच्या त्या खोलीवर, जी तू त्याच्या वर्षभर आधीच सोडली होतीस. समन्स नीट बजावलं गेलं नसेल तर हुकूमनामा रद्द करण्याचा अर्ज करता येतो, पण हुकूमनाम्याची माहिती झाल्यापासून ३० दिवसांत. म्हणजे बुधवारपासून दिवस मोज. नुसत्या अर्जानं दरखास्त, म्हणजे वसुलीची कारवाई, थांबत नाही, स्थगिती वेगळी मागावी लागते.

दिवाळीत तू फोनवरून कर्जवाल्यांना ३०,००० भरले होतेस, मला दाखवलं होतंस. दरखास्तीत त्याचा उल्लेखच नाही! हुकूमनाम्यानंतर कोर्टाबाहेर दिलेला पैसा कोर्टात नोंदवला नाही, तर दरखास्त चालवणारं कोर्ट तो धरत नाही. आपण अर्ज करायचा तर त्याची मुदतही ३० दिवसच होती, ती गेली. आता बँकेचा उतारा दाखवून त्यांच्या वकिलाला पैसे मिळाल्याची पुरशीस, म्हणजे तसं लिहिलेला कागद, कोर्टात द्यायला लावायची. यापुढे एक रुपयाही नोंदीशिवाय देऊ नको, वसुलीवाला कितीही गोड बोलो.

लेखी म्हणणं देताना खोटं काही लिहायचं नाही. भाडं, बसचा पास, बाबांच्या औषधाला तू पाठवतोस ते, सगळं जसं आहे तसं लिही. किती हप्ता झेपेल तेही सांग. हुकूमनाम्यानंतर हप्ते पाडून घ्यायला समोरच्याची संमती लागते, म्हणून झेपेल तोच आकडा बोल. पाच हजार म्हणून तिसऱ्या महिन्यात थकलास तर तुझं पुन्हा कोणी ऐकणार नाही.

कंपनीच्या एचआरवर चिडू नको. आदेश आला की कपात करणं त्यांना भाग आहे, नाही केली तर तो पैसा त्यांच्यावर बसतो. आणि कर्ज फेडता येत नाही एवढ्यावरून कोणाला तुरुंगात टाकत नाहीत. वसुलीवाल्यानं तशी धमकी दिली असेल तर ती मनातून काढून टाक.

सिव्हिल लाइन्सला जिल्हा न्यायालयातच विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस आहे. वकिलाची फी झेपत नसेल तर तिथे अर्ज देऊ. मी येते सोबत, माझे गुडघे दुखतात ते दुखोत.

नोटीस लोखंडी कपाटात, निळ्या फाइलीत ठेवली आहे. रविवारी सहा महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा, खोलीचा करारनामा आणि बँकेचा उतारा घेऊन ये. बाबांना मी सगळं सांगितलं आहे. ते एवढंच म्हणाले, त्याला जेवायलाच बोलाव.

तुझी,
आई