तिकीट दाखवा, मग लिहा

महोदय,

आपल्या रविवार पुरवणीतला डबलडेकर बसवरचा लेख वाचला. भाषा सुरेख, पण अख्ख्या लेखात एकही तारीख नाही. ‘पूर्वी’, ‘त्या काळी’, फार तर ‘साठच्या दशकात’. वर्षभरापूर्वी मला हे खटकलंही नसतं. आता खटकतं, कारण गेले पाच महिने मीही संपादक आहे, मराठी विकिपीडियावर. हसू नका. पद बिनपगारी आहे आणि मला कुणी नेमलेलं नाही. तिथं लिहायला बसेल तो संपादक. तुमच्या खुर्चीला धोका नाही.

मी बेस्टमध्ये पस्तीस वर्षं वाहक होतो. विकिपीडियावर स्वतःची ओळख लिहायला ‘सदस्य पान’ असतं. मी ते लग्नाच्या बायोडाटासारखं भरलं: मूळ गाव, शिक्षण, मुलं काय करतात, पत्ता, फोन. नातीनं वाचून निम्म्याहून जास्त पुसलं. ‘आबा, स्थळ बघताय का?’ उरलं एवढंच: राहणार परळ, निवृत्त बस वाहक, मुंबईच्या ट्राम-बसवर लिहायची इच्छा. त्याखाली एक ओळ मी हट्टानं ठेवली: ‘मी बेस्टचा जुना माणूस आहे, बेस्टबद्दल लिहिताना पारडं झुकलं तर टोकावं.’

पहिल्याच फेरीत पकडला गेलो. ट्राम बंद झाली तेव्हा मी सहा वर्षांचा. वडिलांच्या खांद्यावर बसून दादरला शेवटची ट्राम पाहिली, ऊन मी म्हणत होतं, शाळेला सुट्टी होती. म्हणजे मे महिना. तसं ठोकून दिलं. दुसऱ्या दिवशी वाक्य गायब! ‘इतिहास पहा’वर बोट ठेवलं तर कुणीतरी शेरा मारलेला: संदर्भ द्यावा. डोकं फिरलं. डोळ्यांनी पाहिलेल्याला कसला संदर्भ? तिरीमिरीत दादरला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात जाऊन बसलो. बोरीबंदर ते दादर ही शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ ची, आणि तीही रात्री सुटलेली. मला तर डोक्यावरचं ऊन आठवतंय! मग मी पाहिली ती कुठली ट्राम, कोण जाणे. विचारायला वडील नाहीत.

खरं तर आम्हा कंडक्टर लोकांना यात नवल वाटू नये. ‘काढलंय हो तिकीट’ म्हणणाऱ्याला आम्ही काय म्हणायचो? ‘दाखवा.’ वेबिलात, म्हणजे आमच्या हिशेबाच्या कागदात, तिकिटांचे नंबर चढवले नाहीत आणि वर चेकर आला, तर आमचंही तोंडी काही चालत नसे.

विकिपीडियावर माझी आठवण चालत नाही, तुमच्या पेपरात छापून आलेलं चालतं. म्हणून विनंती, जुन्या मुंबईवर लिहाल तेव्हा तारीख घाला. पहिली बस १५ जुलै १९२६ ला अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट धावली, डबलडेकर १९३७ मध्ये आली, जुन्या डिझेल डबलडेकरनं सप्टेंबर २०२३ मध्ये निरोप घेतला. एवढं लिहायला दोन ओळी पुरल्या असत्या. आणि ट्रॉलीबस? ती तुमच्या लेखात नावालाही नाही. १९६२ ते १९७१ गवालिया टँक ते माझगाव विजेच्या तारांखालून बस धावत होती, हे आमच्या चाळीत सांगितलं तर लोक मला वेड्यात काढतात.

वाचकांपैकी कुणाच्या घरी त्या ट्रॉलीबसचा फोटो असेल, वडिलांनी किंवा काकांनी काढलेला, तर तो घरच्यांच्या संमतीनं विकिपीडियासाठी खुला करावा. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा नको. ज्याचा हक्क त्याची परवानगी लागते. कात्रण असेल तर अंकाची तारीख आणि पान क्रमांक पाहिजे. माझ्याकडे ट्रामची तीन कात्रणं आहेत. कडा अशा नीट छाटल्यात की पेपर कुठला, साल कुठलं, काही पत्ता लागत नाही. कात्री माझीच.

– एक निवृत्त बस वाहक, परळ, मुंबई