डबाभर पाणी

ती. अण्णांस,
सा. न. वि. वि.

दादा हे पत्र मोठ्याने वाचून दाखवणार हे धरूनच लिहितेय. दादा, एकही ओळ गाळायची नाही. मधे एक जागा अशी येईल की तुला गाळावीशी वाटेल. ती तर मुळीच नाही.

अण्णा, मागच्या फोनवर तुम्ही विचारलंत, "तिसरं वर्ष लागलं, सिव्हिल सिव्हिल करतेस, पण शिकवतात काय तिथे? एक भिंत तरी बांधून घेतली का?" मी हसून विषय बदलला. उत्तर द्यायला लागले असते तर आपलं वाजलं असतं, आणि फोनवर वाजलं की आपण दोघंही फोन आईच्या हातात देऊन मोकळे होतो. म्हणून पत्र.

भिंत नाही बांधून घेतली. पहिलं वर्षभर तर सिमेंटचा कणही दिसला नाही. गणित, फिजिक्स, ड्रॉइंग, थोडं कोडिंग आणि स्टॅटिक्स, म्हणजे न हलणाऱ्या वस्तूंचा अभ्यास. वस्तू जागची हलत नाही याचा अर्थ तिच्यावरचे सगळे जोर एकमेकांना फेडून शून्य झालेत. एवढं एकच वाक्य, आणि त्याच्यावर अख्खी सहामाही. भिंतीला शिडी टेकवलीय, माणूस वर चढतोय, तो कितव्या पायरीवर असताना शिडीचा पाय सरकेल? हे गणित मी तीनदा चुकवलं. चौथ्यांदा बरोबर आलं तेव्हा कळलं की माणूस जितका वर, तितकी शिडी सरकायला सोपी. शिडीच्या पायाखाली तुम्ही ओलं गोणपाट कोंबता ना, ते या गणितात घर्षणाचं एक अक्षर होऊन बसलेलं असतं. त्याला 'म्यू' म्हणतात. तुमच्या गोणपाटाला इतकं नाजूक नाव असेल असं वाटलं नव्हतं.

दुसऱ्या वर्षी स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स लागलं आणि एकदम छज्जा समोर आला. मी सात-आठ वर्षांची असेन. साइटवर छज्जाच्या जाळीवर एका पोराने पाय दिला, आणि तुम्ही खालून असे ओरडलात की मीच रडायला लागले. "वरची सळई वरच राहिली पाहिजे!" मला तेव्हा वाटलं होतं, सळई महाग असते म्हणून ओरडलात.

इथे मॅडमनी फळ्यावर भिंतीतून बाहेर आलेला स्लॅब काढला आणि विचारलं, सळई कुठे घालाल? वर्गातल्या बहुतेकांनी खाली सांगितलं, कारण आदल्याच तासाला दोन टोकांवर टेकलेला बीम झाला होता आणि त्यात सळई खाली होती. मी वर सांगितलं. मॅडम म्हणाल्या, का? मला काही सांगता येईना. 'आमचे अण्णा ओरडतात म्हणून' हे उत्तर चाललं नसतं. अर्धेच मार्क मिळाले.

उरलेला अर्धा मार्क असा आहे. काँक्रीट दाबाला दांडगं, पण ताणाला फारच लेचंपेचं. ताण सोसायची त्याची ताकद दाबाच्या साधारण दहावा भाग. दोन टोकांवर टेकलेला बीम मधे झुकतो, त्याची खालची बाजू ताणली जाते, म्हणून तिथे सळई. छज्जाला एकच टोक धरलेलं. तो पुढे वाकतो आणि त्याची वरची बाजू ताणली जाते. आता समजा स्लॅबच्या तळापासून सळई ८० मिलिमीटरवर बांधली होती आणि त्या पोराच्या पायाने ती ५० वर आली. सळई तितकीच, सिमेंट तितकंच, पण छज्जाची जवळजवळ चाळीस टक्के ताकद गेली. वरून गिलावा झाल्यावर कुणालाच दिसत नाही. तुम्ही कमीच ओरडलात, अण्णा.

इथपर्यंत तुम्ही मान डोलावत असाल. आता ती जागा.

गेल्या महिन्यात काँक्रीटचं प्रॅक्टिकल होतं. चौघांचा गट, चाळीस लिटर माल. सिमेंट १४ किलो, पाणी ७ लिटर, म्हणजे सिमेंटच्या वजनाच्या निम्मं. वाळू आणि खडी आधी ओव्हनमध्ये कोरडी केलेली, सगळं तागडीवर मोजून. अठ्ठावीस दिवसांनी माल ३८ ला फुटायला हवा, म्हणजे दर चौरस मिलिमीटरला ३८ न्यूटन. मिक्सर फिरवला आणि स्लम्प घेतला. स्लम्प म्हणजे माल किती खाली बसतो त्याचं माप. त्यासाठी तळाशी २०० आणि तोंडाशी १०० मिलिमीटर व्यासाचं, ३०० उंचीचं शंकूसारखं भांडं. तीन थरांत माल भरायचा, प्रत्येक थराला सळईचे २५ टोचे द्यायचे, मग भांडं सरळ वर उचलायचं आणि माल किती खाली बसला ते मोजायचं. आम्हाला ७५ ते १०० मिलिमीटर हवं होतं. आमचा बसला ४०. माल नुसता कोरडा, रागावल्यासारखा उभा.

आणि अण्णा, मी तुमचीच मुलगी. गटातले तिघं वहीत आकडा लिहीत होते तेवढ्यात मी मोजपात्र उचललं आणि दीड लिटर पाणी मिक्सरमध्ये ओतलं. डोळ्यांसमोर तुम्हीच होतात, डोक्याला पंचा, हातात पत्र्याचा डबा, "होऊ दे जरा पातळ, जाईल कोपऱ्यात." काय सुंदर झाला माल! मऊ, चकचकीत, स्लम्प १६०. साच्यांत आपसूक गेला, टोचावं लागलं नाही. गटातले म्हणाले, तुझ्या हाताला गुण आहे. मी गप्प.

सातव्या दिवशी पहिले तीन क्यूब, म्हणजे साच्यांतले ठोकळे, फोडले, १८ आले. बाकीच्या गटांचे पंचविशीच्या वर. अठ्ठावीस दिवसांनी उरलेले तीन ठेवले. दीडशे मिलिमीटरचा ठोकळा मशीनच्या दोन पाटांमध्ये, काटा चढत जातो, सगळे श्वास धरून बसतात. बाकीच्यांचे क्यूब साडेआठशे किलोन्यूटनच्या आसपास फुटत होते. आमचा सहाशेला तडकला. हिशेब केला तर २७. फुटलेला तुकडा मॅडमनी हातात घेतला, भिंगाखाली धरला आणि एवढंच विचारलं, "पाणी कुणी घातलं?" माझा हात वर गेला. तुमच्या छज्जाने मिळवलेला अर्धा मार्क तिथे व्याजासकट गेला.

दीड लिटर म्हणजे किती, तेही मी तुमच्या मापात काढलं. पन्नास किलोच्या एका गोणीमागे जेमतेम साडेपाच लिटर. तुमचा डबा त्याच्याहून मोठा आहे.

दादा, वाचतोयस ना?

हे पाणी नेमकं करतं काय, ते ऐका. सिमेंटला घट्ट व्हायला रसायन म्हणून जेवढं पाणी लागतं ते त्याच्या वजनाच्या चौथ्या हिश्शाच्या आसपास. बाकीचं आपण माल हलावा, पसरावा म्हणून घालतो. ते सिमेंटशी जुळत नाही, नुसतं जागा अडवून बसतं, आणि पुढे उडून गेलं की त्या जागा पोकळ राहतात. डोळ्याला न दिसणाऱ्या बारीक वाटा. ताकद तिथे जाते, आणि पुढे त्याच वाटांनी पाणी आणि हवा आत शिरून सळईपर्यंत पोचतात. गंज मूळ लोखंडाच्या दुप्पट-तिप्पट जागा मागतो, कव्हर, म्हणजे सळईवरचं काँक्रीट, आतून ढकलतो आणि पोपडा पडतो. १९१८ साली डफ अब्रॅम्स नावाच्या अमेरिकन माणसाने हे मांडलं की चांगल्या दाबलेल्या काँक्रीटची ताकद मुख्यतः पाण्याचं सिमेंटशी प्रमाण काय यावर ठरते. शंभर वर्षं झाली. तरी मी डबा ओतलाच.

तुमची बाजूही मला माहीत आहे. कॉलममध्ये सळईच्या रिंगा दाटीवाटीने, माल हलवून बसवणारा व्हायब्रेटर बंद पडलेला, ठेकेदार डोक्यावर उभा. कोरडा माल गेला नाही तर फळ्या काढल्यावर मधमाशांचं पोळं. तेही वाईटच. जिथे पोकळी आहे तिथे २७ सुद्धा नसतं, शून्य असतं. म्हणजे तुम्ही अडाणीपणाने डबा ओतत नव्हतात, दोन वाइटांतलं एक निवडत होतात. पण तिसरा रस्ता आहे. सुपरप्लास्टिसायझर नावाचं औषध मिळतं, सिमेंटच्या वजनाच्या एक टक्क्याच्या आसपास घालायचं, पाणी तेवढंच ठेवून माल ओघळता होतो. तेही नसेल तर खडी बारीक घ्यायची. आणि पाणी वाढवायचंच असेल तर त्याच प्रमाणात सिमेंटही वाढवायचं. ठेकेदाराला शेवटचं आवडणार नाही.

एवढीशी सोय करायला गेलं की काय होतं, याचा एक किस्सा आम्हाला सांगितला. अमेरिकेत कॅन्सस सिटीत एका हॉटेलच्या मोठ्या दालनात एकाखाली एक असे दोन पूल छताला सळ्यांनी टांगले होते. नकाशात एकच लांब सळई दोन्ही पुलांतून जात होती. एवढ्या लांब सळईला आटे पाडणं आणि त्यावर नट चढवत नेणं किचकट, म्हणून तिचे दोन तुकडे केले. एक छतापासून वरच्या पुलापर्यंत, दुसरा वरच्या पुलापासून खालच्यापर्यंत. ऐकायला काहीच फरक नाही ना? तुमच्या भाषेत सांगते. एकाच दोराला दोन माणसं लटकलीत, प्रत्येकाची मूठ आपापलं वजन पेलतेय. आता खालच्याने दोर सोडला आणि वरच्याचे पाय धरले. दोरावर वजन तेवढंच, पण वरच्याच्या मुठीवर दुप्पट. मूळ नकाशातला जोडही पुरेसा नव्हता, त्यात हे. १७ जुलै १९८१ च्या संध्याकाळी दोन्ही पूल खाली आले आणि ११४ माणसं गेली. हा बदल कागदावर मंजूर झालेला होता. गणित कुणी पुन्हा केलं नव्हतं. त्या इंजिनिअरांचं लायसन्स गेलं. त्या तासाला मी वहीत काहीच लिहिलं नाही, नुसती दोन तुकड्यांची सळई काढत बसले.

बाकी विषयांचं थोडक्यात. सर्व्हेमध्ये मी पहिली आले, कारण पाण्याच्या नळीने लेव्हल काढायला मला आधीच येत होतं. फ्लुइड मेकॅनिक्समध्ये नापास झाले, परत बसायचंय. आईला आत्ता सांगू नका. मातीचा विषय सगळ्यात अवघड आणि मला सगळ्यात आवडतो. सळई कारखान्यातून येते, तिचा भरवसा असतो. माती जशी मिळेल तशी. पिसाच्या मनोऱ्याचं काम ११७३ मध्ये सुरू झालं आणि मधेमधे कितीतरी वर्षं बंद पडलं. काम बंद होतं म्हणूनच तो उभा राहिला म्हणतात, कारण त्या काळात खालच्या चिकणमातीतलं पाणी हळूहळू पिळून निघालं आणि ती आवळली. आणि अलीकडे तो सावरला कसा, तर झुकलेल्या बाजूला टेकू न देता उलट बाजूच्या पायाखालची माती थोडी थोडी काढून. हे तुम्हाला आवडेल असं वाटलं.

आता माझं काम. पंधरा दिवसांनी दुसरं मिक्स आहे आणि या वेळी वाळू ओली मिळणार. तिच्यातलं पाणी मोजून ते वरून घालायच्या पाण्यातून वजा करायचं. इथली रीत अशी की वाळूचा नमुना १०५ अंशांच्या ओव्हनमध्ये चोवीस तास ठेवायचा आणि आधीचं-नंतरचं वजन घ्यायचं. पण मला आठवतं, पावसाळ्यात तुम्ही वाळूची मूठ आवळायचात, सोडायचात आणि मिक्सरवाल्याला म्हणायचात, "आज वाळूच पाणी आणतेय, एक तांब्या कमी घाल." म्हणजे वाळूतल्या पाण्याचा हिशेब तुम्ही ठेवत होतातच. डब्यातल्याचा ठेवला नाहीत, एवढंच माझं भांडण.

तर मूठ सोडल्यावर नेमकं काय बघता? गोळा तसाच राहतो की दोन तुकडे होतात, की तळव्याला किती कण चिकटले ते? आणि किती ओलीला किती तांबे कमी? दादाला सगळं सांगा, त्याने जसंच्या तसं लिहून पाठवायचं. मी तुमची मूठ आणि ओव्हन दोन्ही लावून बघणार आहे.

आईला नमस्कार.

तुमची,
धाकटी