सही-शिक्क्याच्या नकलेला तारीख हवी

मा. संपादक,

स. न. वि. वि.

शिवाजी उद्यमनगरात आमचा कडबाकुट्टी यंत्रांचा छोटा कारखाना आहे. वडिलांनी सुरू केला, आता आम्ही दोघे भाऊ चालवतो. गेल्या उन्हाळ्यात गडहिंग्लज भागातले एक शेतकरी तुटलेलं पातं पिशवीत घालून दारात उभे राहिले. ‘मालक, तुमच्या नावाकडं बघून घेतलं हो मी,’ एवढंच म्हणाले. यंत्रावरची पाटीही त्यांनी उचकटून आणली होती. आमची पाटी पितळी असते, अक्षरं कोरलेली, चार कोपऱ्यांना चार रिव्हेट. ही पातळ पत्र्याची, छापील, दोनच रिव्हेटवर बसवलेली, आणि नावातली शेवटची वेलांटी तेवढी बदललेली. चार हातांवरून बघणाऱ्याला फरक कळणार नाही. मी त्यांना नवं पातं बसवून दिलं, कारण पैसे त्यांनी आमचं नाव वाचूनच मोजले होते.

नाव नोंदवलेलं होतं. ट्रेडमार्कचं प्रमाणपत्र ऑफिसात शाहू महाराजांच्या तसबिरीशेजारी फ्रेम करून लावलंय. तेच उतरवून वकिलांकडे नेलं. त्यांनी काचेवर बोट ठेवून एक बारीक ओळ दाखवली. हे प्रमाणपत्र न्यायालयीन कामासाठी किंवा परदेशात नोंदणी मिळवण्यासाठी वापरता येत नाही, असं त्यावर छापलेलं आहे. इतकी वर्षं त्याच्याखाली बसून मी ती वाचली नव्हती. उद्यमनगरातल्या, शिरोलीतल्या किती जणांनी वाचली असेल? कोर्टात लागते ती ट्रेडमार्कच्या नोंदवहीतल्या नोंदीची प्रमाणित प्रत, म्हणजे सही-शिक्क्याची नक्कल. ट्रेडमार्क कायदा 1999 च्या कलम 137 प्रमाणे तीच पुरावा म्हणून चालते.

अर्ज ऑनलाइन केला, शुल्क ऑनलाइन भरलं, पोचही लगेच आली. त्यानंतर आठ आठवडे शांतता. फोन लागला तर ‘प्रोसेसमध्ये आहे’. नवव्या आठवड्यात कळलं की नोंदवहीत मालक म्हणून अजून वडिलांचं एकट्याचं नाव आहे आणि आमचा अर्ज भागीदारी फर्मच्या नावाने गेलाय. ही चूक आमची, ती मी मान्य करतो. वडील थकल्यावर फर्म झाली, बँकेत नाव बदललं, जीएसटीला बदललं, ट्रेडमार्कच्या नोंदवहीत बदलायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. पण हीच त्रुटी पहिल्या आठवड्यात सांगितली असती तर दोन महिने वाचले असते. दुरुस्तीचा अर्ज केला, पुन्हा वाट बघितली. प्रत हातात पडली तेव्हा साडेपाच महिने उलटले होते. तोवर कडब्याचा हंगाम गेला आणि पत्र्याच्या पाटीची किती यंत्रं विकली गेली, देव जाणे.

दरम्यान हातावर हात ठेवून बसलो नाही. वकिलांनी संकेतस्थळावरच्या नोंदीची प्रिंट आणि शपथपत्र जोडून दावा दाखल केला आणि प्रमाणित प्रत नंतर हजर करण्याची परवानगी मागितली. जुनी बिलं, जाहिराती, डीलरांची पत्रं, सगळं लावलं. तरी समोरच्यांच्या वकिलांची पहिली हरकत त्या प्रतीवरच आली.

मला याचं जास्त वाईट वाटतं, कारण बाकी सगळं आता आपल्या दारात आहे. कलम 134 मुळे मालक जिथे धंदा करतो तिथल्या जिल्हा न्यायालयात दावा लावता येतो, म्हणजे आम्हाला कसबा बावडा रस्त्यापर्यंतच जायचं. चार दशकांच्या लढ्यानंतर 18 ऑगस्ट 2025 पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंचही कोल्हापुरात सुरू झालं. कोर्ट इथं, वकील इथं, पक्षकार इथं, आणि काम अडतं ते दोन पानी नकलेपायी.

माझ्या गावाकडच्या जमिनीचा डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा 15 रुपयांत घरबसल्या निघतो. राज्याच्या अधिसूचित सेवांना 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्याने मुदत घालून दिली आहे; मुदत टळली तर अपील करता येतं. ट्रेडमार्क आणि पेटंट हा केंद्राचा विषय, त्याला हा कायदा लागू नाही. जादा शुल्क भरून नक्कल तातडीने मागता येते, हे मला फार उशिरा कळलं. पण तातडी ही पैसे मोजणाऱ्यालाच का? नोंदवही संगणकावर आहे. डिजिटल सही आणि क्यूआर कोड असलेली प्रमाणित प्रत अर्जदाराला तिथूनच का उतरवून घेता येऊ नये?

पेटंटच्या बाबतीत निदान एक वाट निघाली आहे. शिरोलीतल्या माझ्या एका फाउंड्रीवाल्या मित्राने मोल्डिंगच्या एका जुगाडाचं पेटंट इथं मागितलं. त्याच शोधासाठी परदेशात अग्रहक्काने, म्हणजे इथल्या पहिल्या अर्जाची तारीख धरून, अर्ज करायला 12 महिने मिळतात (ट्रेडमार्कला फक्त 6), आणि पीसीटीच्या, म्हणजे अनेक देशांसाठी एकच अर्ज करू देणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, मार्गाने गेलं तर पहिल्या अर्जाची प्रमाणित प्रत पहिल्या तारखेपासून 16 महिन्यांत पोचवावी लागते. भारत 2018 पासून वायपोच्या (जागतिक बौद्धिक संपदा संघटनेच्या) डिजिटल देवघेव व्यवस्थेत आहे, त्यामुळे कोड दिला की कार्यालयं आपसांत प्रत घेतात. त्याचं काम कागद न हलवता झालं. पेटंटला जमतं ते कोर्टात लागणाऱ्या नकलेला जमवायला हरकत काय?

कोल्हापुरी चपलेला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. 2025 मध्ये इटलीतल्या फॅशन शोमध्ये तशाच चपला दिसल्यावरून गदारोळ झाला तेव्हा जो तो नावाच्या हक्कावर बोलत होता. त्या हक्कासाठी भांडायची वेळ येते तेव्हा हातात काय लागतं, यावर मात्र कुणी बोललं नाही.

माझ्यासारख्या छोट्या कारखानदारांना कळकळीने सांगतो, भांडण उभं राहायची वाट बघू नका. आजच संकेतस्थळावर आपला नोंदणी क्रमांक टाकून मालकाचं नाव, पत्ता, वकिलांचा पत्ता बघा. वडील वारले असतील, फर्म बदलली असेल, तर आधी ती नोंद दुरुस्त करा. दर 10 वर्षांनी नूतनीकरण असतं, त्याच वेळी एक प्रमाणित प्रतही काढून कपाटात ठेवा. कोर्टाला ताजी लागली तरी नोंदीतली चूक आधीच सापडलेली असेल.

आपल्या उद्योजक संघटनांनी आणि खासदारांनी एवढं एकच मागणं दिल्लीत लावून धरावं: अर्जाच्या पोचेवर नक्कल मिळायची तारीख छापा आणि त्रुटी असेल तर सात दिवसांत कळवा. ती पत्र्याची पाटी मी टेबलाच्या खणात ठेवली आहे. कुणी निवेदन घेऊन जाणार असेल, तर ती घेऊन मीही सोबत येईन.

आपला,
एक लघुउद्योजक,
शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर