केशरी रंग आणि चित्राखालचं नाव

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

बाबा, फोनवर तुम्ही "बरं, बरं" म्हणता आणि फोन आईकडे देता. मग आई जेवणाचं विचारते आणि कामाचं बोलणं राहून जातं. म्हणून लिहायला बसले. नोकरी सोडून मी संगणकावर चित्रं काढणाऱ्यांसाठी संकेतस्थळ उभं करतेय, एवढं तुम्हाला ठाऊक आहे. ते कशापायी, हे सांगायचं आहे.

पंचवटीत एक मुलगा आहे. जुन्या संगणकाला पेन टॅबलेट जोडून क्रिता या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरवर चित्रं काढतो. रंगपंचमीला रहाडीत, रंगाच्या पाण्यानं भरलेल्या त्या हौदात, उडी घेऊन धप्पा मारणाऱ्या पोराचं चित्र त्यानं केलं होतं. उसळलेलं केशरी पाणी, आणि काठावरची गर्दी नुसत्या वर गेलेल्या हातांनी दाखवलेली. पुढच्या रंगपंचमीला तेच चित्र फ्लेक्सवर झळकलं, कोपऱ्यातली सही कापून. पैसे सोडाच, त्याला कोणी विचारलंसुद्धा नाही. आपल्याकडे कॉपीराइट कायदा १९५७ पासून आहे. त्याच्या ५७ व्या कलमाप्रमाणे चित्राचे हक्क विकले तरी 'हे मी काढलं' म्हणायचा चित्रकाराचा हक्क जात नाही. त्या पोराला हे कोणी सांगितलेलंच नव्हतं.

म्हणून आमच्याकडे नुसतं पूर्ण झालेलं चित्र ठेवायचं नाही. कच्च्या रेघा, मधले टप्पे, कोणता लेअर, म्हणजे चित्राचा थर, कधी चढला, सगळं तारखेसह ठेवायचं. उद्या वाद झाला तर पुरावा हाताशी राहतो, आणि नवशिक्यांना चित्र कसं घडत गेलं ते बघायला मिळतं. मला तर हे दुसरं कारण जास्त मोलाचं वाटतं. बाबा, तुमच्या प्रेसमध्ये कोरा कागदसुद्धा मोजून आत जायचा आणि खराब निघालेला मोजून बाजूला व्हायचा. तसा चोख हिशेब मला चित्रकाराच्या नावाचा ठेवायचा आहे.

जगात अशा जागा आहेतच. डेव्हियंटआर्ट २००० साली सुरू झालं, २०१७ मध्ये विक्स कंपनीनं ते विकत घेतलं. आर्टस्टेशन २०२१ मध्ये एपिक गेम्सकडे गेलं. २०२२ च्या डिसेंबरात एआयनं बनवलेली चित्रं तिथे दिसू लागली, तेव्हा कितीतरी चित्रकारांनी आपापल्या पानांवर निषेधाचं एकच चित्र लावलं. जागेचा मालक दुसरा असला की चित्रकाराच्या हाती निषेधच उरतो. आई, पैसे कुठून येणार याचं उत्तरही यातच आहे: सभासदांची वर्षाची वर्गणी. जाहिरात घ्यायची नाही. सुरुवातीला ओढाताण होईल, पण पुण्यातल्या नोकरीतलं शिल्लक टाकलेलं आहे.

आणि तू विचारलं होतंस, मुलींना तिथे कोणी वाकडं बोललं तर? बोलायचं ते चित्राबद्दल, माणसाबद्दल नाही, हा आमचा पहिला नियम. तक्रार आली की संकेतस्थळ सांभाळणाऱ्या आम्ही दोघी ती त्याच दिवशी वाचतो. कोरडं 'छान' लिहिण्यापेक्षा 'डाव्या हाताची सावली उलट पडलीय' असं लिहिलेलं आम्हाला हवं असतं. इथल्या मुलामुलींना असं सांगणारं कोणी भेटतच नाही गं.

बाबा, एक काम तुमच्याकडे आहे. पडद्यावरचा रंग लाल, हिरव्या आणि निळ्या उजेडातून होतो. छपाईला सायन, मॅजेंटा, पिवळी आणि काळी शाई लागते. पडद्यावर झळझळणारा केशरी कागदावर मातकट उतरतो आणि पोरं हिरमुसतात. मी त्यांना वाचलेलं सांगू शकते, पण तुमचं अख्खं आयुष्य त्या शायांत गेलंय. येत्या रविवारी आम्ही आठ-दहा जण माझ्याच खोलीवर जमतोय. निफाडहून सकाळच्या एसटीनं दोघंही या. छापलेले नमुने मी काढून ठेवते. कुठे काय बिघडलंय ते तुम्ही त्यांना दाखवा. आई, तू येताना डबा आणू नकोस, स्वयंपाक मी करणार आहे.

तुमची,
धाकटी