किनाऱ्यावर आलेला बूबी

महोदय,

पावसाळी वाऱ्यांचा जोर वाढला की ‘मास्क्ड बूबी’ हा उष्ण कटिबंधातील समुद्रपक्षी अधूनमधून थकून कोकण किनाऱ्यावर येऊन पडतो, आणि पाण्यातला पक्षी म्हणून लोक सद्भावनेने त्याला पुन्हा लाटांत सोडतात. ते त्याच्या जिवावर बेतते. हा पक्षी उंचावरून सूर मारून मासे पकडतो. पाणी आत शिरू नये म्हणून त्याच्या नाकपुड्या बाहेरून बंद असतात आणि तो चोचीच्या कडेने श्वास घेतो. त्यामुळे धारदार, दातेरी कडांच्या चोचीच्या भीतीने ती घट्ट बांधली, तर तो गुदमरतो. ओमानजवळच्या बेटांवर त्याची वीण होते. मादी बहुधा दोनच अंडी घालते, ती पडदेदार पायांखाली उबवली जातात आणि सहसा एकच पिल्लू जगते. इतक्या सावकाश वाढणाऱ्या पक्ष्याचा एकेक प्रौढ जीव मोलाचा आहे. असा पक्षी दिसल्यास त्याला हवेशीर खोक्यात, कोरड्या जागी शांत ठेवावे, घशात पाणी ओतू नये आणि वनविभागाला १९२६ या क्रमांकावर तातडीने कळवावे. किनाऱ्यावरील ग्रामपंचायतींनी पावसाळ्यापूर्वी बंदरांवर मराठीत असे सूचनाफलक लावावेत, ही कळकळीची विनंती.

– एक पक्षीप्रेमी वाचक, रत्नागिरी