रिले न बदलल्याबद्दल मनापासून आभार

आदरणीय मामा,
सप्रेम नमस्कार.

घाट चढताना गाडीच्या रेडिएटरचा पंखा लागत नाही, म्हणून त्याचा रिले, म्हणजे पंखा चालू करणारा विजेवरचा खटका, बदलून द्या, एवढंच मागायला मी उद्यमनगरात तुमच्या शेडवर आलो होतो. नवा रिले खिशातच होता. तुम्ही तो हातात घेतलात, उलटा करून पाहिलात आणि माझ्या तळहातावर परत ठेवलात. "ह्यो ऱ्हाऊ दे तुमच्याकडं. आधी जुन्याला इचारू, का काम करंना झालाय." तिथून पुढं तुम्ही जे केलंत, त्याबद्दल हे पत्र आहे. तोंडी आभार मानायला लागलं की तुम्ही चहा सांगता आणि विषय बदलता, म्हणून लिहून मानतोय. आणि चारचौघांत मानतोय, कारण इंजिन बदललेल्या जिप्सी आणि जीप घेऊन याच दुखण्यानं हैराण झालेले बरेच जण माझ्या ओळखीत आहेत. त्यांनाही हे उपयोगी पडावं. नाव लिहायचं नाही असं तुम्ही बजावलंय, ते पाळतो.

वाचणाऱ्यांसाठी गाडीची थोडी ओळख. जिप्सी किंग, मूळची १.३ लिटर. तिच्यात जुन्या बेलेनोचं १.६ लिटरचं इंजिन बसवलंय. जुनी म्हणजे १९९९ साली आलेली सेदान, नंतरची हॅचबॅक नव्हे. परवानगी, आरसीवर नवा इंजिन नंबर, सगळं रीतसर आहे. जिप्सीत इंजिन लांबीत बसतं आणि पंखा पट्ट्यावर फिरतो. बेलेनोत इंजिन आडवं, त्यामुळे पंखा विजेचा, आणि तो कधी लावायचा हे ईसीएम, म्हणजे इंजिनाचा संगणक, ठरवतो. आमच्या गाडीत इंजिनाबरोबर तो ईसीएम आणि विजेचा पंखाही आला. म्हणजे दोन गाड्यांची वायरिंग एकमेकींना जोडलेली, आणि खोट बहुतेक वेळा त्या जोडावरच निघते, हे मला तुमच्याकडं कळलं.

दुखणं असं होतं. गाडी दारात उभी असली की पंखा बिनचूक लागायचा. गावात फिरलो तरी तक्रार नाही. वैभववाडीकडून करूळ घाट चढायला लागलो की तापमानाचा काटा वर, आणखी वर, आणि पंखा गप्प. कडेला थांबून बॉनेट उघडून बसायचं. थंड झाली की पुन्हा सगळं सुरळीत, जणू काही झालंच नव्हतं. हमरस्त्यावर वेगात समोरची हवाच रेडिएटर थंड ठेवते, तिथं पंख्याचं काम फारसं पडत नाही. घाटात गाडी दुसऱ्या गिअरवर रांगते, इंजिनावर पूर्ण ओझं आणि हवा नाही, तिथं सगळी भिस्त पंख्यावर. आईचं माहेर घाटाखाली. गाडीला तिनं कधी नाव ठेवलं नाही, पण माहेरी जायचं निघालं की "एसटीनंच जाऊ या" म्हणायला लागली होती, ते मला फार लागायचं.

तुमच्याआधी बऱ्याच ठिकाणी गाडी दाखवली होती. रिले बदलून झाला होता, तापमानाचा सेन्सर बदलून झाला होता, रेडिएटरची कॅपसुद्धा. थर्मोस्टॅट काढूनच टाका, असा सल्ला मिळाला. एका ठिकाणी पंख्याला डॅशबोर्डवरून थेट स्विच लावून दिला. पंख्याचा सगळा करंट त्या नाजूक स्विचमधून जायचा आणि स्विचला हात लावला की चटका बसायचा. तुम्ही सगळ्यात आधी तो स्विच काढलात. रिले असतोच यासाठी की हलक्या वायरीतल्या चिमूटभर करंटनं जाड वायरीतला मोठा करंट चालू व्हावा, हे तो काढता काढता मला समजावलंत.

मग तुम्ही रिले सॉकेटमधून उपटलात आणि त्याच्या पायांवरचे आकडे मला वाचायला लावलेत. ३० म्हणजे बॅटरीकडून आलेला पॉझिटिव्ह, ८७ म्हणजे पंख्याकडं जाणारा, ८५ आणि ८६ म्हणजे कॉइल, रिलेला आतून ओढणारी तांब्याची गुंडाळी. फ्यूज असलेल्या वायरीच्या तुकड्यानं सॉकेटमधले ३० आणि ८७ जोडलेत. पंखा फिरला. मी खूश झालो, तुम्ही नाही. ग्रिलसमोर कागद धरलात. तो रेडिएटरला चिकटला, म्हणजे पंखा हवा आत ओढतोय, दिशा बरोबर. पण कान देऊन म्हणालात, "दमलाय. ह्यो ह्याचा आवाज न्हवं."

पुढची गोष्ट मी जन्मभर विसरणार नाही. तुम्ही मल्टिमीटर लावण्याआधी एकवीस वॅटचा, ब्रेकलाइटचा बल्ब होल्डरसकट काढलात. मी म्हटलं, मीटर आहे की. तेव्हा तुम्ही म्हणालात, रिकामी गाडी कुठलाही बैल ओढतो, माल भरल्यावर बघायचं. मीटर जवळजवळ करंट ओढतच नाही, त्यामुळे एका तारेवर लोंबकळणारं कनेक्शनसुद्धा त्याला पूर्ण बारा व्होल्ट दाखवतं. तो बल्ब पावणेदोन अँपिअर ओढतो, आणि सडकं कनेक्शन तिथं उघडं पडतं. पंख्याच्या पॉझिटिव्हवर आणि बॅटरीच्या निगेटिव्हवर बल्ब लावलात तर लख्ख. तोच बल्ब पॉझिटिव्ह तिथंच ठेवून पंख्याच्या अर्थला, म्हणजे करंट बॅटरीकडं परतायच्या वायरीला, लावलात तर पिवळट. आणि लगेच हेही बजावलंत की हा बल्ब ईसीएमच्या वायरीवर कधी लावायचा नाही. ईसीएमचा ट्रान्झिस्टर रिलेच्या कॉइलपुरता असतो, बल्बचा करंट त्याला झेपेलच असं नाही. तिथं मीटरच.

त्यानंतर तुम्ही जंप केबल घेतलीत, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं बॉडीवरच्या एका उघड्या बोल्टला. पंख्याचा आवाज एकदम चढला. मामा, अंगावर काटा आला. काहीही न बदलता, एक केबल टेकवली आणि तोच पंखा वेगळा झाला.

आमच्या गाडीत बॅटरीची निगेटिव्ह केबल इंजिनाला जाते. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं. इंजिन बदलताना इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी पट्टी परत लावलीच गेली नव्हती. पंखा, हेडलाइट, ईसीएम, सगळ्यांची अर्थ बॉडीवर, आणि बॉडीवरून इंजिनाकडं परतायला करंटला एक्सीलरेटरच्या केबलसारख्या आडवाटा तेवढ्या उरलेल्या. तुम्ही मला हेडलाइट लावायला सांगितलेत आणि डॅशबोर्डकडं बोट केलंत: तापमानाचा काटा हलला. पाणी काही दिवे लावल्यानं क्षणात गार किंवा गरम होत नाही. हलतं ते अर्थिंग. घरच्या घरी, एकही हत्यार न घेता करता येणारी ही परीक्षा आहे आणि ज्यांच्या गाडीत इंजिन बदललंय त्यांनी ती आजच करावी.

इथं थांबला असतात तरी मी समाधानानं घरी गेलो असतो. पण तुम्ही म्हणालात, यानं पंखा हळू का फिरतो ते कळलं, घाटात लागतच का नाही ते कळलं नाही. रेडिएटरपुढं पुठ्ठा लावून गाडी तापवलीत, हेडलाइट चालू ठेवलेत, रिले सॉकेटमध्ये बसलेला असतानाच मागून मीटरच्या सुया घालून ८५ आणि ८६ वर धरल्यात. सेन्सरचा प्लग काढलात; पुष्कळ ईसीएम सेन्सर हरवला की सावधगिरी म्हणून पंखा लावायला सांगतात, हाही तसाच निघाला. म्हणजे ईसीएम आपलं काम करत होता, हुकूम देत होता. बॅटरीवर १३.६ व्होल्ट. कॉइलवर ९.२. रिले ओढत नव्हता, म्हणजे आतली ३० आणि ८७ ची जोड लागत नव्हती.

तो हिशेब तुम्ही खडूनं शेडच्या दारावर मांडलात. २.८ व्होल्ट पॉझिटिव्हकडं खाल्ले जात होते, कारण कॉइलचा पॉझिटिव्ह इग्निशन स्विचच्या जुन्या बारीक वायरीतून घेतलेला, आणि त्याच वायरीवर पेट्रोल पंपही. १.६ व्होल्ट अर्थकडं, कारण कॉइलचा करंट ईसीएममधून त्याच बॉडीच्या अर्थवर जायचा. उरले ९.२. गार रिले साडेसात व्होल्टला ओढतो, म्हणून दारात पंखा लागायचा. पण आमचा रिले एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या, म्हणजे इंजिनाचा तापलेला धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांच्या, डोक्यावर बसवलेला. तांबं तापलं की त्याचा रोध वाढतो, दर अंशाला सुमारे ०.४ टक्का, सत्तर अंशांनी तापलं की सव्वापटीहून थोडा जास्त. गार असताना ८५ ओहमची कॉइल मॅनिफोल्डजवळ १०८ ओहमची होते आणि ओढायला साडेनऊ व्होल्टच्या आसपास मागते. मिळत होते ९.२. म्हणून नवा रिलेसुद्धा तिथं बसवला की घाटात हट्ट करायचा. त्याच्यात काही दोष नव्हताच.

इतके दिवस जे गूढ वाटत होतं ते दारावरच्या चार ओळींत बसलं. मी शिक्षण घेतलेला माणूस, ओहमचा नियम परीक्षेत लिहिलेला. तो असा जिवंत पहिल्यांदा बघितला.

दुरुस्ती त्या मानानं लवकर झाली. इंजिनापासून बॉडीला आणि चॅसिसला विणलेल्या तांब्याच्या पट्ट्या, बोल्टखालचा रंग पॉलिश पेपरनं खरवडून, वर ग्रीस. ईसीएमची अर्थ बॉडीवरून काढून इंजिनावर, मूळ बेलेनोत असते तशी. कॉइलचा पॉझिटिव्ह ईसीएमला वीज देणाऱ्या मेन रिलेच्या आउटपुटवरून छोट्या फ्यूजमधून, म्हणजे ईसीएम झोपला की कॉइलही सुटते. पंख्याला बॅटरीवरून चार चौरस मिलिमीटरची वायर आणि बॅटरीलगतच तीस अँपिअरचा फ्यूज. सॉकेट नवं, कारण जुन्यातलं ८७ चं टर्मिनल सैल होऊन भोवतीचं प्लॅस्टिक तपकिरी पडलं होतं. रिले बॅटरीच्या बाजूला, सॉकेटचं तोंड खाली, पावसाचं पाणी साचू नये म्हणून. पुन्हा मीटर लावलात: १३.२. रिले तोच, जुना.

आणि निघताना तुम्ही नकाशा काढून दिलात. कुठली वायर कुठल्या रंगाची, कुठल्या फ्यूजमधून, अर्थ कुठल्या बोल्टवर. प्लॅस्टिकमध्ये घालून बॉनेटच्या आतून चिकटवलात. "उद्या दुसऱ्या कुणी बॉनेट उघडलं तर त्याला अंधारात चाचपडाय लागू नये." स्वतःचं काम दुसऱ्याला कळावं म्हणून एवढा वेळ देणारा माणूस मी आमच्या क्षेत्रातही क्वचित पाहिलाय. मजुरी तुम्ही वायर आणि वेळेची घेतलीत, हिशेबाची घेतली नाहीत. तो सगळ्यात महाग होता.

तुमच्या हाताखाली शिकणारा पोरगा त्या वेळी शेजारी उभा राहून सगळं बघत होता आणि तुम्ही प्रत्येक आकडा आधी त्याला वाचायला लावत होता. त्याचेही आभार. पुठ्ठा धरून तोच उभा होता.

आईनं तुमच्यासाठी कोकमं आणि आमसुलं बांधून ठेवलीत; तिनं ती माहेरून, याच गाडीतून आणलीत. पुढच्या रविवारी शेड उघडी असेल तर घेऊन येतो. येताना हेडलाइटचं बघू. त्यांचा करंट अजून जुन्या स्विचमधूनच जातोय, आणि तिथंही दोन रिले घालायचेत असं तुम्हीच म्हणाला होतात. ते रिले मात्र मी आणणार नाही. तुम्ही सांगाल ते घेऊ.

आपला नम्र,
बेलेनोवाली जिप्सी