नाना, चोपड्याला जाऊन या

नाशिक, ५ एप्रिल

ती. आई आणि ती. नाना यांना
शि. सा. नमस्कार.

परवा फोनवर बोलता बोलता तुमच्याकडची लाइट गेली आणि मुद्द्याचं राहूनच गेलं, म्हणून लिहितेय. नाना, तुमच्याकडे एक मागणं आहे. चोपड्याला एका काकांना भेटायला जायचं. माझ्या शाळेतल्या एका बाईंचे ते मामेसासरे. आतड्याला भोक पडलं, रातोरात ऑपरेशन झालं आणि पोटावर शौचाची पिशवी घेऊन ते घरी आले. सुट्टी होताना कुणीतरी घाईघाईत पिशवी लावून दाखवली, तेवढीच माहिती. आता दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून असतात. जेवत नाहीत, कारण जेवलं की पिशवी भरते. हे ऐकल्यावर मला गेल्या वर्षीचे तुम्ही आठवलात. ताट सरकवून म्हणायचात, "खाल्लंच नाही तर भरायचा प्रश्नच नाही."

औषधपाण्याचं डॉक्टर बघतीलच. पण पिशवी लावून एसटीत बसता येतं, पंगतीला जाता येतं, नातवाला मांडीवर घेता येतं, हे कुणाच्या सांगण्यानं पटत नाही. तुम्ही इस्त्रीचा सदरा घालून त्यांच्या ओट्यावर चहा पीत बसलात आणि मग सांगितलंत, "मलाही आहे," तर ते आपणहून कुशीवर वळतील.

मी अलीकडे एका अमेरिकन बाईबद्दल वाचलं, नॉर्मा गिल. १९५४ मध्ये तिचं आतड्याचं ऑपरेशन होऊन तिलाही पिशवी लागली. तिचे सर्जन होते डॉ. रूपर्ट टर्नबुल. त्यांनी १९५८ मध्ये तिलाच क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये पेशंटांना शिकवायला ठेवून घेतलं. ती डॉक्टर नव्हती की नर्स नव्हती, पण स्टोमाची, म्हणजे पोटावर काढलेल्या आतड्याच्या तोंडाची, निगा शिकवणाऱ्या आजच्या स्टोमा नर्सचं शिक्षण तिथूनच सुरू झालं. आणि नाना, पिशवीभोवतीची कातडी जपायला टर्नबुल जो कराया डिंक वापरायचे, तो कांडोळाच्या झाडाचा! उन्हाळ्यात पानं झडल्यावर पांढऱ्या खोडाचं उभं असतं ना, तेच. आपल्या सातपुड्यातही आहे ते. मला हे वाचून फार बरं वाटलं.

तुम्हाला वाटेल, मी काय सांगणार? दिवाळीत मी तुमची पिशवी बदलणं बघितलंय. सकाळी चहाच्या आधी, पोट शांत असताना. पिशवीची कातडीला चिकटणारी जुनी चकती ओढून न काढता ओल्या फडक्यानं कडेकडेनं सोडवता, दुसऱ्या हातानं कातडी दाबून धरता. मग नुसतं कोमट पाणी, साबण नाही, स्पिरिट नाही. मलमलच्या तुकड्यानं टिपून कोरडं करता. लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्यावर कापलेलं ते माप ठेवून नव्या चकतीला भोक पाडता, स्टोमापेक्षा दोन-तीन मिलिमीटर मोठं. चकती तळहातांत धरून गरम करता आणि लावल्यावर मिनिटभर हात ठेवून बसता. काकांची कातडी सोलवटून निघालीय, कारण त्यांच्या चकतीचं भोक अजून पहिल्याच दिवसाच्या मापाचं आहे. सूज उतरली की स्टोमा लहान होतो, हे त्यांना कुणी सांगितलंच नाही. तुमचं ते पुठ्ठ्याचं माप सोबत न्या.

आणि आपल्या उन्हाचं सांगा. पारा पंचेचाळीसवर गेला की घामानं चकती लवकर सुटते, मग माहितीपत्रकात दिलेले दिवस मोजत बसायचं नाही, आधीच बदलायची. पिशव्या पत्र्याखालच्या खोलीत ठेवायच्या नाहीत. पिशवी एक तृतीयांश भरली की रिकामी करायची, ओझं होऊ द्यायचं नाही.

एक मात्र नीट लक्षात ठेवा. तुमची वाट मोठ्या आतड्याची, त्यांची लहान आतड्याची. त्यांचं सगळं पातळच येतं, त्याबरोबर अंगातलं पाणी आणि मीठही जातं. त्यामुळे तुमचं पथ्य त्यांना सांगू नका. साखर-मिठाचं पाणी किती घ्यायचं ते डॉक्टरांना विचारायला लावा. पिकलेलं केळं आणि भात यांनी थोडं घट्ट होतं, केळ्यांना तर आपल्याकडे तोटा नाही. शेंगदाणे, मका, खोबरं आतड्यात अडकू शकतं, सुरुवातीला टाळलेलंच बरं. पिशवीत येणं एकदम थांबलं आणि पोटात कळा, उलट्या सुरू झाल्या, किंवा स्टोमा काळपट पडला, तर घरी वाट बघायची नाही, तडक दवाखाना. लाल आणि ओलसर असेल तर काळजी नाही, पुसताना थोडं रक्त दिसलं तरी घाबरू नये.

आई, तूही जा. काकू पिशवी बदलताना नाकाला पदर लावतात, म्हणून काका त्यांना जवळ येऊ देत नाहीत आणि त्या स्वयंपाकघरात रडतात. तुझ्याशी त्या बोलतील. ताकानं वास कमी होतो, कांदा-लसूण-उडदानं वाढतो, हे तुझ्या तोंडून ऐकतील. आणि तुझ्यासाठी एक सांगू? आता नानांना सगळं जमतं. ते न्हाणीत असताना तू दाराशी उभी राहू नकोस. कानबाईला मामाकडे गेली नाहीस, या खेपेला जा. दोन दिवस नानांचे नाना बघतील.

मुंबईत अशा पिशवीवाल्यांची संस्था आहे, ऑस्टोमी असोसिएशन ऑफ इंडिया. पण अमळनेर-चोपड्याच्या माणसानं प्रत्येक वेळी मुंबई कशी गाठायची? आपल्या ओट्यावर महिन्यातून एकदा चार जण जमले, कुणाची चकती टिकते, कुणाची गळते एवढं बोलले, जास्तीच्या पिशव्या एकमेकांना दिल्या, तरी पुष्कळ झालं. नाना, तुम्ही लोकांचे सातबारे सोडवत आलात, हेही तुम्हाला जमेल.

काकांचा मुलगा गुरुवारी संध्याकाळी फोन करणार आहे. नंबर अनोळखी दिसेल, तरी उचला. जाताना कापून ठेवलेली एक चकती आणि सदरा हातातल्या थैलीत असू द्या. मी आखाजीला येतेच आहे, सांजोऱ्या मी आल्यावर करू.

तुमची,
सुमन